धक्क्याचे वाटेकरी

नेरळहून कर्जतकडे लोकल निघाली की पुढचे स्टेशन भिवपुरी रोड. तिथून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, टाटांचे भिवपुरी वीजघर १९२२ पासून चालू आहे. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी पाचशे मीटरांहून जास्त उंचीवरून लोखंडी नळांतून खाली येते आणि तोटीतून सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने सुटते. समोर पेल्टनचे चाक असते. दोन पळ्या शेजारी शेजारी जोडाव्यात तशा जोडवाट्या त्याच्या कडेने बसवलेल्या असतात. पाण्याची धार दोन पळ्यांमधल्या कण्यावर आपटते, दुभंगते आणि वाटीच्या गोलाईने वळून जवळजवळ आल्या दिशेलाच परत फिरते.

परत फिरते, यातच मेख आहे. धार सपाट फळीवर आपटून बाजूला पसरली असती, तर फळीला तिच्या पुढे जाण्याच्या जोराएवढाच धक्का बसला असता. तीच धार उलटी वळवली की धक्का जवळजवळ दुप्पट होतो. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींच्या भागात काम करणाऱ्या लेस्टर पेल्टन यांनी या जोडवाटीचे पेटंट १८८० मध्ये घेतले. १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघरातही याच जातीची चाके आली. कर्जत आणि खालापूर या दोन शेजारी तालुक्यांच्या पायथ्यांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, ती पाण्याची धार वळवून.

बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवायचा मझल ब्रेक नावाचा एक तुकडा असतो. तो हेच काम करतो, फक्त पाण्याच्या जागी दारूचा वायू असतो. गोळी सरळ पुढे निघून जाते. तिच्या मागून येणारा वायू ब्रेकच्या आतल्या पडद्यांवर आपटतो आणि बाजूच्या खिडक्यांतून वळवला जातो. वायू ज्या जोराने पुढे जाणार होता तो जोर ब्रेकच्या भिंतींवर येतो आणि बंदुकीला पुढे ओढतो. खिडक्या किंचित मागे झुकलेल्या असल्या तर ओढ आणखी वाढते. म्हणजे नावात ‘ब्रेक’ असला तरी त्यात घर्षणाचा काही संबंध नाही. माथेरानची गाडी उतारावरून नेरळला येताना चाकांवर जो ब्रेक दाबला जातो, त्याची जात वेगळी. इथला ब्रेक भिवपुरीच्या वाटीचा भाऊबंद आहे.

फ्रेंच तोफखान्यातले अधिकारी त्रेय द बोल्यू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तोफेच्या तोंडाजवळ तिरकी भोके पाडून हा प्रयोग करून पाहिला होता. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलातले रिचर्ड कट्स यांनी तयार केलेला तुकडा थॉम्सन बंदुकीच्या तोंडावर दिसू लागला. आज रणगाड्यांच्या आणि तोफांच्या कितीतरी छायाचित्रांत नळीच्या टोकाला जो जाड, खिडक्यांचा गोळा दिसतो, तो हाच.

प्रश्न असा, की काडतुसाच्या बंदुकीला मानवलेला हा तुकडा ठासणीच्या बंदुकीला मानवेल का?

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडातून भरायची बंदूक. आधी नळीत मोजून दारू ओतायची, मग चिंधीत किंवा कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी, नाहीतर छर्रे, आणि मग गजाने सगळे खाली ठासायचे. गज तळाशी टेकला की हाताला कळते. ठासणीत पोकळी राहिली तर नळीला धोका असतो, म्हणून जाणता माणूस गजावर खूण करून ठेवतो आणि भरणा बरोबर खुणेपर्यंत उतरला का ते पाहतो. पेटवण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या. आधी पेटत्या तोड्याची, मग चकमकीची म्हणजे पथरकला, मग टोपीची. भरण्याची तऱ्हा मात्र तीच राहिली. मराठीत ‘ठासून भरणे’, ‘रंजकाला बत्ती देणे’, ‘फुसका बार’ हे शब्द त्याच हातांनी आणले आहेत. तोडा किंवा चकमक पेटून रंजक, म्हणजे नळीबाहेरची पेटवण्याची दारू, भडकायचे आणि आतली दारू थंडच राहायची, तो फुसका बार.

कर्जत-खालापूरच्या डोंगरांना हे शब्द नवे नाहीत. खालापूर तालुक्यातल्या चावणीजवळच्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगल सरदार कारतलबखानाला अडवले, ती वाट आजही दाट झाडीची आहे. कर्जत तालुक्यातला कोथळीगड, म्हणजे गावकऱ्यांचा पेठचा किल्ला, मराठेशाहीत शस्त्रे साठवण्याची जागा होता. गडावर आणि पायथ्याच्या पेठ गावात जुन्या तोफा आहेत. तोफेच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेले आडवे दांडे असतात, गाड्यावर किंवा चौथऱ्यावर तोफ त्यांच्यावरच तोललेली असते. मुलांना ते दांडे तोफ उचलायच्या मुठी वाटतात. त्यांचे खरे काम तोफ खाली-वर झुकू देण्याचे आणि बार उडाला की सगळा धक्का गाड्याकडे पोहोचवण्याचे. धक्का कुणाच्या अंगावर सोडायचा, याचा विचार त्या काळातल्या ओतकाऱ्यांनीही केला होता.

आता आकड्यांकडे वळू. बंदुकीचा धक्का मोजायला न्यूटनचा तिसरा नियम आणि शाळेतला गुणाकार पुरतो. पुढे जे गेले त्याचे वजन गुणिले वेग जेवढे, तेवढाच जोर मागे येतो.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, त्या काळात कंपनीच्या फौजांकडे ब्राउन बेस घराण्यातल्या बंदुका असत. अशा एका बंदुकीचे ढोबळ माप घेऊ. वजन साडेचार किलो, गोळी ३२ ग्रॅम, दारू ८ ग्रॅम, गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर. गोळीचा वाटा ०.०३२ गुणिले ४००, म्हणजे १२.८. तिच्या मागून निघणारा वायू आणि धूर सरासरी ६०० मीटर वेगाने गेला असे धरले, तर दारूचा वाटा ४.८. एकूण १७.६. याला बंदुकीच्या साडेचार किलोने भागले की बंदूक सेकंदाला जवळजवळ चार मीटर वेगाने मागे येते. ऊर्जा होते सुमारे ३४ ज्यूल. साडेतीन किलोचा वरवंटा एक मीटर उंचीवरून खांद्यावर पडावा, तेवढी. पहिल्या महायुद्धातल्या .३०३ रायफलीचा हिशोब अशाच रीतीने केला तर आकडा याच्या निम्म्याच्या आसपास येतो.

या १७.६ मधल्या १२.८ वर मझल ब्रेकचा काडीचाही अधिकार चालत नाही. गोळी वळवता येत नाही, वळवायचीही नसते. ब्रेकच्या वाट्याला येतात ते मागचे ४.८, म्हणजे पाव हिश्श्याहून जरासे जास्त. त्यातही काळ्या दारूचा स्वभाव आडवा येतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही जुनी दारू जळाली की सगळी वायू होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७० च्या दशकात केलेल्या मोजण्यांत तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग, सुमारे ५६ टक्के, घन पदार्थाच्या रूपात राहिला. बार काढल्यावर जो पांढरा ढग उठतो तो हाच, बारीक कणांचा. वायू चपळाईने वळणे घेतो. जड कणाला वळण जमत नाही, तो सरळ जातो किंवा भिंतीला चिकटतो. भिवपुरीच्या तोटीतून पाण्याऐवजी वाळूमिश्रित चिखल आला असता तर वाट्यांचे काय झाले असते, ते डोळ्यांसमोर आणावे.

तरीही ब्रेकला झुकते माप देऊन पाहू. समजा, त्याने वायूचा निम्मा जोर, २.४, परतवला. उरले १५.२. बंदुकीचा वेग ३.४ मीटरच्या आत आला आणि ऊर्जा २६ ज्यूलच्या आसपास. चौथा हिस्सा वाचला. ही बचत खोटी नाही, खांद्याला ती नक्की कळेल. पण ब्रेकला हात न लावता दारूच ८ ऐवजी ६ ग्रॅम घातली, गोळीचा वेग ३५० मीटरवर आला असे धरले, तर एकूण जोर १४.८ होतो आणि ऊर्जा सुमारे २४ ज्यूल. म्हणजे चमचाभर दारू कमी केल्याने लोखंडाच्या तुकड्यापेक्षा जास्त काम झाले. नळीत भोक नाही, आवाजात भर नाही, खर्चही नाही.

आवाजाची बाब किरकोळ समजू नये. वायू पुढे जाण्याऐवजी बाजूला आणि मागे वळला की आवाजही त्याच्याबरोबर बार काढणाऱ्याच्या कानाकडे वळतो. १४० डेसिबलच्या वरचा आवाज एकाच बारात कायमची इजा करू शकतो आणि बहुतेक बंदुकांचा आवाज मुळातच त्या रेषेच्या पलीकडे असतो. ब्रेक बसवला की तो आणखी वाढतो. शेजारी कोणी उभे असेल तर जळते कण त्याच्या तोंडावर. खांद्याची कणकण चार दिवसांत जाते, गेलेला कान परत येत नाही.

भरण्याचीही अडचण आहे. ठासणीच्या बंदुकीत गोळी त्याच तोंडातून आत जाते ज्या तोंडाशी ब्रेक बसवायचा. मऊ शिशाची गोळी आणि तिच्याभोवतीची चिंधी ब्रेकच्या खिडक्यांच्या कडांवरून खाली सरकवायची म्हणजे चिंधी फाटणार, शिसे खरवडले जाणार, गोळी तिरकी बसणार. म्हणून अशा ब्रेकचा आतला घेर नळीपेक्षा मोठा ठेवावा लागतो. घेर मोठा ठेवला की गोळी नळीत सरळ शिरवायला वेगळी वाटाडी नळी लागते, नाहीतर दर वेळी ब्रेक काढून परत बसवायचा. रानडुक्कर शेताच्या कडेला उभे असताना एवढा खटाटोप कोण करणार?

आणि मग काजळी. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते. नेरळच्या पावसाळ्यात जिथे मीठ बरणीत वितळते आणि चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते, तिथे दोन बारांनंतर न धुतलेली नळी सकाळपर्यंत तांबूस होते. साध्या नळीत निदान गज आणि गरम पाणी शेवटपर्यंत पोहोचते. ब्रेकच्या खिडक्यांत, पडद्यांमागे, आट्यांत बसलेली काजळी बोटालाही लागत नाही. ती दगडासारखी घट्ट होते, खिडक्या बुजतात आणि आटे असे जाम होतात की ब्रेक पुन्हा निघत नाही.

मग जगात ठासणीच्या बंदुकांना ब्रेक लावतातच का? लावतात, आणि तिथे त्याला अर्थही आहे. अमेरिकेत अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्याचा वेगळा हंगाम असतो. त्या हंगामासाठी टोनी नाइट यांनी १९८५ मध्ये नव्या घडणीची बंदूक बाजारात आणली. तिच्यात पेटवण्याची टोपी नळीच्या मागे सरळ रेषेत असते. पुढे या जातीत १५० ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमपर्यंत दारू भरण्याची चाल पडली, तीही बहुधा काळ्या दारूची बदली म्हणून आलेली नवी दारू. बंदूक साडेतीन किलोची, गोळी १६ ग्रॅमची. हिशोब मांडला तर इथे दारूचा वाटा गोळीच्या वाट्याला जवळजवळ येऊन भिडतो आणि धक्का ब्राउन बेसलाही मागे टाकतो. ज्या बंदुकीत निम्मा जोर वायूचा, तिथे वायू वळवणारा तुकडा आपली किंमत वसूल करतो. नळी नव्या पोलादाची, आटे कारखान्यात पाडलेले, गोळी सरळ बसवायची सोय केलेली. तिथेही प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली गोळी वापरली तर टोपणाच्या पाकळ्या ब्रेकच्या आतच उघडून अडकू नयेत, याची काळजी घ्यावीच लागते.

जुन्या लोकांनी मात्र धक्क्याची वाटणी दुसऱ्या रीतीने केली, आणि त्यांचे शहाणपण इथे जवळून पाहण्यासारखे आहे. युरोपात पंधराव्या शतकातल्या हातबंदुकांना नळीच्या खाली एक आकडा असे. तो आकडा तटाच्या कठड्याला अडकवायचा आणि बार काढायचा, म्हणजे धक्का माणसाकडे न येता भिंतीत जाई. ‘आर्क्वेबस’ हे बंदुकीचे नाव त्या आकड्यावरूनच पडले. आपल्याकडे गडांच्या तटांवर जेजाला ठेवत. खांद्याला न पेलणारी ही लांब, जड बंदूक टेकूवर बसवलेली असे. जंबुरा उंटाच्या पाठीवरच्या खोगिरात खुंटीवर फिरे आणि धक्का उंटाच्या अंगावर जाई. हातात धरायच्या हिंदुस्थानी तोडेदार बंदुकाही पुष्कळदा लांबलचक आणि जाड नळीच्या असत. ते वजन वाहताना जड वाटे, पण बार उडाला की तेच वजन खांद्याची राखण करी.

विजापूरची मुलूख-ए-मैदान ही या वाटणीची परिसीमा. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ सुमारे ५५ टनांची. ती डागताना कानठळ्या बसू नयेत म्हणून गोलंदाज बत्ती देऊन शेजारच्या पाण्याच्या टाकीत उडी घेई, अशी आख्यायिका आहे. धक्का तोफेच्या वजनात जिरला, आवाजावर मात्र पाण्याखेरीज इलाज नव्हता.

तोफांच्या जगात खरी क्रांती झाली ती १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेने. तिची नळी गाड्यावर मागे सरकते, तेल आणि दाबलेली हवा तो धक्का हळूहळू पिऊन टाकतात आणि नळीला परत जागेवर आणतात. गाडा जागचा हलत नाही, म्हणून प्रत्येक बारानंतर नेम नव्याने धरावा लागत नाही. बंदुकीच्या दस्त्याला लावलेली रबरी गादी तत्त्वाने तेच करते. जोर तेवढाच असतो, पण तो येण्याचा वेळ लांबवला जातो, आणि खांद्याला वेळ मिळाला की तो धक्का ढकलल्यासारखा लागतो, ठोसा बसल्यासारखा नाही. रुंद आणि सपाट दस्ता खांद्यावर जास्त जागेत टेकतो. अरुंद, चंद्रकोरीसारखा आत वळलेला जुना दस्ता तोच जोर दोन बोटांच्या जागेत उतरवतो.

धक्क्याचा एक उपयोगही आहे, तो विसरू नये. बार गेला की नाही, हे खांदा सांगतो. अमेरिकन यादवीतल्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्याच होत्या. त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले सापडले आणि एका बंदुकीत तर तेवीस. त्या कल्लोळात आपला बार उडालाच नाही, हे कित्येकांच्या ध्यानात आले नसावे. त्यांनी पुन्हा दारू ओतली, पुन्हा ठासली.

कोकणात आजही पिकाच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या ठासणीच्या बंदुका अनेक घरांत सापडतात. भात पोटरीत आले की रानडुक्कर उतरते, वानरे फळझाडांवर येतात. माळ्यावर बसलेला शेतकरी पुष्कळदा नुसता आवाज काढतो, गोळी न घालता. अशा बाराला धक्का जवळजवळ नसतो, कारण पुढे जायला जड असे काही नसतेच. मोठ्या हिश्श्याचा वाटेकरी गोळी आहे, याचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

अशा घरांतल्या बंदुका बहुधा दोन-तीन पिढ्यांच्या असतात. नळीचे लोखंड कुठे गंजले, कुठे पातळ झाले, आत तडा आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. अशा नळीच्या तोंडाशी आटे पाडणे किंवा भोके मारणे म्हणजे तिच्या उरल्यासुरल्या भिंतीतून लोखंड काढून घेणे. ही गोष्ट करू नये, आणि कुणी वेल्डिंगवाला किंवा लेथवाला करून देतो म्हणाला तरी करवून घेऊ नये. बंदूक जुनी आहे म्हणून ती कायद्यातून सुटत नाही. ती चालण्याजोगी असेल, किंवा दुरुस्तीने चालण्याजोगी होणार असेल, तर तिला १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो आणि त्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि रूपांतर करायलाही परवाना असावा लागतो. खांदा दुखत असेल तर दारू कमी मोजावी, दस्त्याला गादी लावावी, कानात बोळे घालावेत. आणि नळीबद्दल शंका असेल तर परवानाधारक कारागिराने तपासून दिल्याशिवाय तिच्यात दारूचा कणही घालू नये.